तंबाखूविरोधी कायदा कागदावरून वस्तीत कधी उतरणार?



दारूबद्दल आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विहारात पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलाच्या वेळी मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचा निश्चय आपण मोठ्याने उच्चारतो. पण वंदना संपते, विहाराबाहेर चपला पायांत सरकवल्या जातात आणि कितीतरी हात खिशातल्या पुडीकडे वळतात. तंबाखू मळली जाते, चुना लावला जातो, शेजाऱ्याला चिमूट दिली जाते. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. दारुड्याला आपण नावे ठेवतो, तंबाखू खाणाऱ्याकडे मात्र आपणच चिमूटभर मागतो.

तंबाखू सोडा, असा उपदेश आपण अनेक वर्षे ऐकत आहोत. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जी वस्तू प्रत्येक नाक्यावर पाच-दहा रुपयांना मिळते, जिच्यावर मोठमोठे व्यापारी श्रीमंत होतात आणि जिची सवय मुलांना मिसरूड फुटण्याआधीच लावली जाते, त्या वस्तूचा बंदोबस्त एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोपवून सरकारला मोकळे होता येणार नाही. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. आरोग्याला अपायकारक अशा मादक पेयांवर व द्रव्यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असेही तेथे सांगितले आहे. संविधान आपल्या बाबासाहेबांचे आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग त्यातील या कर्तव्याचा जाब विचारणेही आपले काम ठरते.

आपल्या महाराष्ट्राचे दुखणे

केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभर प्रौढांपैकी २६.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांपैकी विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ होते, तर तंबाखू खाणारे, चघळणारे आणि मशेरी लावणारे २४.४ होते. आपल्या राज्याचे दुखणे धुरापेक्षा पुडीचे अधिक आहे. सरकारी जाहिरातींत सिगारेटचे चित्र मोठे असते, पण आपल्या वस्तीत माणसे मरतात ती गालात धरलेल्या गोळीने.

याच कारणाने तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे इतका आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे त्या आजाराने दगावली. नुसती सुपारीही निर्दोष नाही. सुपारी माणसात कॅन्सर निर्माण करते, असा निष्कर्ष याच संस्थेने २००४ साली जाहीर केला. सुपारी, गुटखा आणि मावा खाणाऱ्या तरुणांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, घास आत जात नाही, तिखट लागले की आग होते. ही कॅन्सरच्या अगोदरची अवस्था असू शकते.

हे ज्ञान नवीन आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ खेडूतांच्या तोंडाची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले होते. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ सरकारदरबारी माहिती आहे. कमी पडली आहे ती इच्छाशक्ती.

हा आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे खरे. शरद पवार यांना २००४ साली तोंडाच्या कॅन्सरला तोंड द्यावे लागले आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने निधन झाले. पण मोठ्या माणसाकडे निदान डॉक्टर वेळेवर पोचतो. रोजंदारीवरच्या माणसाला तोंडातली जखम दाखवायला जायचे तर त्या दिवसाचा खाडा होतो. म्हणून तो तुरटीच्या पाण्याने गुळण्या करतो, मेडिकलमधून मलम आणतो आणि सहा महिने काढतो. तोवर जबडा कापण्याची वेळ आलेली असते.

जासईच्या रस्त्यावरून

जासई हे पनवेल-उरण पट्ट्यातले गाव. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि या भागातली शेती-मिठागरे जाऊन कंटेनरचे यार्ड, गोदामे आणि ट्रेलरच्या रांगा आल्या. इथे काम करणारा माणूस बहुधा कंत्राटी आहे. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सगळ्यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. रात्री झोप येऊ नये म्हणून, जेवायला उशीर झाला तर भूक मरावी म्हणून, काम सुटेपर्यंत अंगात तरतरी राहावी म्हणून पुडी तोंडात टाकली जाते. तंबाखूतले निकोटिन मेंदूला थोडा वेळ तरतरी देते आणि उतरले की पुन्हा मागते. माणूस आठ-पंधरा दिवसांत तिच्या ताब्यात जातो, सुटायला मात्र वर्षे लागतात. जेथे बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, तेथे टपरी मात्र दहा पावलांवर असते.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेब मांडतो. दिवसाला २० रुपयांची तंबाखू-गुटखा धरला तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. वीस वर्षांचे १ लाख ४६ हजार. घरात दोघे खाणारे असले तर दुप्पट. एवढ्या पैशात मुलीचे कॉलेजचे शिक्षण होते. आणि या हिशेबात आजाराचा खर्च धरलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे आणि त्याचा गरीब कुटुंबांना मोठा आधार आहे. पण कमावता माणूस आठ महिने घरी बसला, त्याच्यासोबत बायकोचीही मजुरी बुडाली, थोरल्या मुलाने शाळा सोडून यार्डात काम धरले, याची भरपाई कोणत्याही योजनेत नाही.

घरातली मशेरी

आपल्या आया-बहिणींशी दोन शब्द बोलायला हवेत. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील शंभर स्त्रियांपैकी १७ जणी तंबाखू घेत होत्या आणि जवळजवळ सगळ्या बिनधुराची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळी दात घासायला म्हणून लावली जाते. मग दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. दात दुखतो म्हणून सुरू झालेली सवय आयुष्यभर राहते. आजी मशेरी लावते ते नात पाहते आणि बोटभर आपणही लावून बघते. मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती सोडायला हवी असेही कुणाला वाटत नाही.

मुंबईतील गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-मशेरी घेणाऱ्या स्त्रियांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ज्या घरात मुळातच आईच्या अंगात रक्त कमी, त्या घरात हे १०५ ग्रॅम फार महाग पडतात. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावरची मशेरी कोणत्या निरीक्षकाला सापडणार? तिथे आशाताई, अंगणवाडीताई आणि आपली महिला मंडळे हाच उपाय आहे. सरकारने त्यांना त्यासाठी शिक्षण आणि मानधन दिले पाहिजे.

कायदे आहेत, पुष्कळ आहेत

कायदेच नाहीत, असे कुणी म्हणू नये. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांचा कायदा झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. तंबाखूची जाहिरात करता येत नाही. पाकिटावर रोगाचे चित्र छापावे लागते आणि १ एप्रिल २०१६ पासून त्या इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे, असा नियम आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ तर याहून कडक आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून घातली होती. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली आणि तेव्हापासून दरवर्षी नवा आदेश काढून ती वाढवली जाते. मावा, खर्रा, सुगंधित तंबाखू यांचाही नंतर त्यात समावेश झाला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीलाही मनाई केली.

या धोरणांचा काहीच उपयोग झाला नाही, असेही नाही. २००९-१० साली राज्यात तंबाखू घेणारे प्रौढ शेकडा ३१.४ होते, ते २०१६-१७ पर्यंत २६.६ वर आले. सरकारने मनावर घेतले तर फरक पडतो, याचा हा पुरावा आहे.

पण आज कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहा. सिगारेट सुटी मिळते. गुटख्याच्या पुड्या समोर टांगलेल्या नसतात, पण मागितल्या की खालून निघतात. सुटी तंबाखू कागदात बांधून मिळते. तिच्यावर चित्र नाही, इशारा नाही. दहा वर्षांचा मुलगा बापासाठी पुडी आणायला जातो आणि दुकानदार त्याला ती देतो. कायदा पुस्तकात जिवंत आहे, नाक्यावर मेलेला आहे.

महाडचा धडा

आपल्याच रायगड जिल्ह्याचा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा इतिहास येथे आठवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपल्या हद्दीतले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री चवदार तळे आपले झाले होते. प्रत्यक्षात एकाही माणसाला तेथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. मंजूर झालेला हक्क लोकांनी जाऊन बजावावा लागतो, हे बाबासाहेबांनी तेथे शिकवले.

जासईच्या मातीलाही हे माहीत आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. लोक संघटित झाले तर सरकारचे धोरण बदलते, हे सांगायला इथे बाहेरून कुणी येण्याची गरज नाही.

दोन बौद्ध देशांचा अनुभव

नुसत्या बंदीने काय होते, हे भूतानकडे पाहून कळते. या बौद्ध देशाने २००४ साली तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली आणि २०१० साली फार कडक कायदा केला. पण सीमेपलीकडून, आपल्या भारतातून, चोरटा माल जातच राहिला. शेवटी कोरोनाच्या काळात, २०२१ साली, त्यांना विक्रीवरची बंदी उठवावी लागली. महाराष्ट्रातल्या गुटख्याचे दुखणे याच जातीचे आहे. एकटे राज्य दार लावते आणि माल खिडकीतून येतो. म्हणून गुटखा-पानमसाल्याच्या उत्पादनावरच देशभर बंदी हवी. लहान दुकानदाराला पकडून फोटो काढणे पुरेसे नाही, ट्रक भरून माल पाठवणारा पकडला पाहिजे.

थायलंड या दुसऱ्या बौद्ध देशाने वेगळा मार्ग धरला. तेथे २००१ साली आरोग्यसंवर्धनासाठी एक स्वतंत्र निधी स्थापन झाला. दारू आणि तंबाखूवरील करावर दोन टक्के अधिभार लावून तो पैसा थेट या निधीत जातो आणि व्यसनमुक्तीच्या व आरोग्याच्या कामावर खर्च होतो. पैसा तंबाखूतून घ्यायचा आणि तंबाखूविरुद्ध वापरायचा, हा सरळ हिशेब आहे. आपल्याकडे तंबाखूचा कर सरकारी तिजोरीत मिसळून जातो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटिनच्या गोळ्या मागितल्या तर मिळतीलच याचा भरवसा नसतो.

विडी वळणाऱ्या हातांचे काय?

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. तंबाखू कमी झाली तर विडी वळणाऱ्या बायांनी काय करावे? विदर्भात कामठी-गोंदियापासून सिन्नर-सोलापूरपर्यंत हजारो गरीब घरे विडीवर जगली, त्यांत आपलीही घरे होती. ज्यांनी आपल्याला ‘जय भीम’ हे अभिवादन दिले असे मानले जाते, ते कामठीचे बाबू हरदास लक्ष्मण नगराळे यांनी ठेकेदारांच्या पिळवणुकीतून विडी कामगारांना सोडवण्यासाठी सहकारी तत्त्वावर काम सुरू केले होते. १९३७ साली ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १९३९ साली, ऐन तरुण वयात, क्षयाने गेले.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. तरीही दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घेऊन पाने वळणाऱ्या बाईची मजुरी तिच्या घराला पुरत नाही. विडीवर कर वाढवू नका, गरिबांचा रोजगार जाईल, असा गळा कारखानदार काढतात, तेव्हा त्यांनी या बाईला आजवर काय दिले, हे विचारले पाहिजे. सरकारने कर वाढवावा आणि त्याच पैशातून या बायांना शिवणकाम, अन्नप्रक्रिया, बचतगटांचे उद्योग असे पर्यायी काम उभे करून द्यावे. टपरीवाल्यालाही दुसरा धंदा लावायला कर्ज मिळावे. तोही आपल्यासारखाच पोटासाठी उभा असतो.

आपल्या मागण्या

सरकारकडे आपण नेमके काय मागायचे, ते थोडक्यात मांडतो.

१) विडी, सिगारेट, खायची तंबाखू या सर्वांवरील कर दरवर्षी वाढावा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर लागला आणि विडीला वगळले गेले. गरिबाचे विष स्वस्त ठेवणे ही गरिबांवर दया नव्हे. राज्याच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत ही मागणी लावून धरावी.

२) तंबाखू विकायला स्वतंत्र परवाना हवा आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स विकायला मनाई हवी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली राज्यांना तशी सूचना केली होती. मुलाला खाऊच्या बरणीशेजारी पुडी दिसता कामा नये.

३) शाळेभोवतीच्या १०० यार्डांची हद्द रंगाने आखावी आणि तिच्या आत विक्री आढळली तर पोलीस ठाण्याला जबाबदार धरावे.

४) तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. व्यसन असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याला मोठे यंत्र लागत नाही. कंटेनर यार्डांत आणि गोदामांत ही तपासणी कामाच्या वेळेत व्हावी, कामगाराचा खाडा धरला जाऊ नये.

५) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्यसन सोडण्यासाठी सल्ला आणि औषध मोफत मिळावे.

हे करवून घ्यायचे कसे? मी कारकुनी करणारा माणूस, मला अर्जाची ताकद ठाऊक आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या पोलीस ठाण्याने गेल्या वर्षी २००३ च्या कायद्याखाली किती कारवाया केल्या, अन्न व औषध प्रशासनाने किती गुटखा पकडला, त्याचे पुढे काय झाले, शाळेभोवती किती वेळा तपासणी झाली, हे प्रश्न लेखी विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि गाव तंबाखूमुक्त करण्याचा ठराव मांडा. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला गटार-रस्त्याबरोबर हाही प्रश्न विचारा.

तोवर आपल्या घरी

सरकार हलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. लग्नात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आणि जयंतीच्या बैठकीत तंबाखू-सुपारीचे तबक फिरवणे बंद करावे. विहार समितीने विहाराच्या आवारात तंबाखू चालणार नाही, असा फलक लावावा. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण धम्मग्रंथाचे वाचन करतो, त्याच काळात गटागटाने तंबाखू सोडण्याचा निश्चय करावा. एकट्याने सोडलेली तंबाखू चौथ्या दिवशी पुन्हा हातात येते, दहा जणांनी मिळून सोडली तर एकमेकांची लाज आणि आधार दोन्ही असतात. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत फोन क्रमांक आहे, तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो.

आणि आरशासमोर उभे राहून महिन्यातून एकदा तोंड पाहावे. गालात, जिभेवर किंवा हिरडीजवळ पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, मानेत गाठ, घास गिळताना त्रास, यांपैकी काहीही आढळले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि त्याचेच केंद्र आपल्या पनवेल तालुक्यात खारघरलाही आहे. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही आणि त्याच वेळी तो बरा होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

बाबासाहेबांनी आपल्याला शीलही दिले आणि संविधानही दिले. शील पाळण्याची जबाबदारी आपली, संविधान पाळण्याची जबाबदारी सरकारची. आपण खिशातली पुडी फेकून देऊ आणि मग दोन्ही मोकळ्या हातांनी अर्ज घेऊन सरकारच्या दारात उभे राहू. येत्या ग्रामसभेपासूनच सुरुवात करावी, ही समाजबांधवांना नम्र विनंती.

जय भीम!